झाकलेले दोन पत्ते

१

सोमेश्वर अण्णा जागेपणी फारसा विचार करत नसत. वजनमापे खात्यात त्यांनी एकतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढली, निम्म्या मराठवाड्यातल्या मोंढ्यांचे, म्हणजे धान्यबाजारांचे, काटे तपासले. पण काटा कोण मारतंय हे त्यांना उमगायचं ते दुपारच्या भाकरीनंतर, डोळा लागता लागता. म्हणून निवृत्तीनंतर घाटनांदूरला येऊन राहिले तरी दुपारची बाज त्यांनी सोडली नाही. गाव म्हणायचं, म्हातारा झोपतो. अण्णा म्हणायचे, मी ड्युटीवर आहे.

माघ महिना चालला होता. हरभरा निघाला होता आणि खळ्यांवरून उडालेलं भुसकट उन्हात तरंगत गावभर फिरत होतं. लिंबाखालच्या बाजेवर अण्णांचा डोळा लागत आला होता. कुणीतरी पायाशी येऊन उभं राहिलं.

"अण्णा, जागे हायेत का?"

"न्हाई," अण्णा डोळे मिटूनच म्हणाले. "बोल."

ती रोहिणी होती. अभिमन्यूची पोर, चोवीस वर्षांची, अंबाजोगाईला कॉम्प्युटर शिकलेली. आईबाप कोल्हापूरकडे ऊसतोडीला गेलेले, आणि ही आत्याच्या घरी राहून लॅपटॉपवर नोकरी करायची. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ सरकारनं बंद करायच्या आधीची ही गोष्ट. 'इस्पिकघर' नावाच्या पुण्याच्या कंपनीत लोक मोबाइलवर पोकर खेळायचे आणि त्यांत लबाडी कोण करतंय यावर नजर ठेवायची, हे रोहिणीचं काम. चोर पकडायचं काम म्हणून अण्णांना या पोरीचं कौतुक होतं.

आज मात्र तिचा आवाज फाटला होता. सकाळीच राधाकिशन मालकांनी स्टँडजवळच्या हॉटेलात आरडाओरडा केला होता. साठ एकरांचे धनी, पंचायत समितीचे माजी सदस्य. त्यांचा आवाज न ऐकून गावाला चालतच नसे. 'माझे झाकलेले पत्ते कुणीतरी बघतंय! दोन महिने लुटतंय मला! अन् त्या कंपनीत आपल्याच गावची पोरगी बसलीय!' असं ते म्हणाले. दुपारी कंपनीचं पत्र आलं. शनिवारी बारापर्यंत खुलासा द्या, नाहीतर पोलिसांकडं तक्रार.

"मालकाला हरवणारा गडी 'रानपाखरू' नावानं खेळतो," रोहिणी म्हणाली. "चाळीस वेळा जिंकलाय. मालकाचे पत्ते दिसत असल्यागत."

"मग तुझा काय संबंध?"

अण्णांनी एक डोळा उघडला.

"ते खातं माझ्या बापाच्या नावावर हाय, अण्णा. अन् ते मीच उघडलेलं हाय."

२

अण्णा उठून बसले. दुपारी उठून बसणं हे त्यांच्या बाबतीत सोपं नव्हतं.

गेल्या वर्षी नोकरीच्या मुलाखतीसाठी सराव हवा म्हणून रोहिणीनं ते खातं उघडलं होतं. बापाची कागदपत्रं लावली, महिनाभर फुकटचे डाव खेळली, नोकरी लागली आणि खातं विसरून गेली. कंपनीत कामाला लागल्यावर ते सांगायला हवं होतं, ते राहिलंच.

"राहिलं की ठेवलं?" अण्णांनी विचारलं.

"राहिलं, देवाशपथ! पण आता कोण इस्वास ठेवंल? नोकरी गेली तर गेली. पण चोर म्हणून नाव लागलं तर या लाइनीत पुन्हा कुणी उभं करायचं न्हाई. आई उसाच्या फडावर समद्यांना सांगत असती, माझी पोर चोर धरती म्हणून."

अण्णांना हा खेळच ठाऊक नव्हता, तेव्हा तिनं तो समजावला. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात, मधे पाच पत्ते सगळ्यांसाठी उघडे पडतात. आपले दोन आणि मधले पाच मिळून ज्याचं जास्त जमलं तो जिंकला. पण जमलं नसलं तरी जमल्यासारखं दाखवून समोरच्याला पळवून लावता येतं. म्हणजे सगळी गंमत त्या झाकलेल्या दोनांत.

"अन् ते तुला दिसतात?"

"डाव संपल्यावर अर्ध्या तासानं. त्याच्या आधी मलाच काय, कंपनीच्या मालकाला बी दिसत न्हाईत."

हे खरं की खोटं ते बघायला अण्णांनी पुण्याच्या बाई गाठल्या. प्रियदर्शनी नावाच्या, कंपनीच्या सुरक्षेच्या प्रमुख. व्हिडिओवर दिसल्या त्या चष्मा कपाळावर चढवलेल्या, आवाजानं कडक पण ऐकून घेणाऱ्या.

"आमचं कुलूप आतून आणि बाहेरून दोन्हीकडून तपासलेलं आहे," बाई म्हणाल्या. "पत्ते पिसणारं यंत्र वेगळं, दाखवणारं वेगळं. एका माणसाच्या हातात दोन्ही किल्ल्या नसतात. कुणी आत डोकावलं तर त्याची नोंद राहते."

"मग रोहिणी डोकावल्याची नोंद हाय?"

"नाही. म्हणूनच मला झोप लागत नाही. पण खातं तिच्या वडिलांचं, फोन त्याच गावातला, आणि जिंकणं नेमकं तिच्या दुपारच्या पाळीत. दुसरं कोण असणार?"

अण्णांनी डोळे मिटून चार गोष्टी विचारल्या. रानपाखरू दुसऱ्या कुणाशी खेळतं का? खेळतं, पण तिथं चारचौघांसारखं कधी हरतं, कधी जिंकतं. मालकांविरुद्ध कधी हरलंय? बाजाराच्या दिवशी, आणि मालक बीडला असतील तेव्हा. खेळण्याची काही तऱ्हा? "एक विचित्र आहे," बाई म्हणाल्या. "पत्ते वाटल्यावर ते दरवेळी आठ-दहा सेकंद थांबतं. पत्ते कितीही रद्दी असोत. काहीतरी कानावर येण्याची वाट बघितल्यासारखं."

"अन् जिंकलेलं कुठं गेलं?"

"तेच तर," बाई म्हणाल्या. "दोन महिन्यांत त्या खात्यातून एक रुपयाही कुणी काढलेला नाही."

३

पैसे न नेणारा चोर अण्णांनी एकतीस वर्षांत पाहिला नव्हता. काटा मारणारा दुकानदार पावशेरासाठी मारतो, हौसेसाठी नाही.

शुक्रवारी सकाळी ते रोहिणीला घेऊन सत्यमच्या दुकानात गेले. सत्यम स्टेशन रस्त्यावर मोबाइल-लॅपटॉप दुरुस्त करायचा. रोहिणीचा लॅपटॉप दिवाळीत त्याच्याकडेच होता, आणि अख्ख्या गावाचे पासवर्ड त्याच्या वहीत होते. संशय घ्यायला याहून सोयीचा माणूस नव्हता.

"बाहेरून हॅक केलं असंल का कुणी?" अण्णांनी विचारलं.

सत्यम हसला. "अण्णा, कंपनीचं सर्व्हर फोडणाऱ्याला मालकाच्या एकट्याच्या खिशात हात घालायला कशाला आवडंल? तो समदं गाव उचलून नेईल की. अन् मालकाचा फोन मी परवाच साफ केला. त्यांनीच आणून दिलता. त्यात कायबी न्हाई. स्वच्छ हाय."

"अन् रोहिणीच्या लॅपटॉपवरनं तू गेलतास?"

"गेलतो असं समजा. तरी मला अर्ध्या तासाचे शिळे पत्ते दिसणार. शिळ्या पत्त्यावर डाव जिंकाया मी काय जोशी हाय?"

अण्णांना हे पटलं. काटा बरोबर, वजनं बरोबर, तरी गिऱ्हाईक बुडतंय, असं झालं की ते काट्याकडं बघणं सोडून देत आणि काट्याच्या आसपास कोण उभं आहे ते बघत. यंत्रातून पत्ते फुटत नसतील, तर त्या घटकेला ते उघडे असलेली जागा जगात एकच होती. ती म्हणजे मालकांच्या हातातला फोन.

पण आधी दुसरा फोन बघायचा होता. अभिमन्यू फडावर जाताना आपला मोबाइल घरी ठेवून गेला होता, आणि खातं त्याच्यावरच चालत होतं. रोहिणी अण्णांना घरी घेऊन आली. घर कसलं, मालकांच्या गुरांच्या वाडग्याशेजारच्या दोन खोल्या. रोहिणीच्या आत्याचा नवरा त्रिंबक मालकांचा सालगडी, आणि आत्या सुभद्राबाई त्यांच्या कोठीत धान्य पाखडायला. त्या दोघांनाही दिवसभर तिकडंच काम. पत्राचं रोहिणीनं दोघांनाही सांगितलं नव्हतं.

ट्रंकेत गोधड्यांखाली फोन होता.

"आयतवारी आत्या काढती," रोहिणी म्हणाली. "बापाच्या फोटोवर बोट दाबलं की टोळीतल्या एकाच्या फोनवर भाऊ दिसतो, एवढंच तिला ठावं हाय. तिला एक अक्षर वाचता येत न्हाई."

अण्णांनी फोन नाकापाशी नेला. मग चार्जरच्या भोकात करंगळीचं नख घातलं आणि बाहेर आलेलं पिवळसर काहीतरी तळहातावर ठेवलं.

"हरभऱ्याचं भुसकट," ते म्हणाले.

"हवेतनं आलं असंल. सगळीकडंच हाय."

"ट्रंकेत हवा जात न्हाई, पोरी," अण्णा म्हणाले, आणि तिच्याकडं न बघता त्यांनी झाकण लावलं.

४

मालकांच्या बंगल्याची पडवी दुपारी गार असायची. जेवण झालं की मालक तिथं बाजेवर आडवे व्हायचे, फोन छातीवर उभा धरायचे, आणि त्रिंबक उशाशी बसून त्यांच्या डोक्याला तेल चोळायचा. वर्षानुवर्षांची रीत. पडवीच्या मागं कोठी होती आणि मधल्या भिंतीत वितभर झरोका. त्यातून सुपाचा आवाज यायचा, सळ्-सळ्, सळ्-सळ्.

"या अण्णा, या! तुमी आता चोर धरणार म्हणं," मालक म्हणाले. "कशाला कष्ट घेता? चोर तुमच्या संगंच फिरती की."

"मालक, तुमी खेळताना जवळ कोण असतं?"

"कुणी न्हाई."

अण्णांनी त्रिंबककडं बघितलं. मालकांनी बघितलं नाही. कुणी नाही म्हणताना त्यांच्या डोक्यावरून त्रिंबकचे हात फिरत होते, आणि त्यात मालकांना काही खोटं वाटत नव्हतं.

"खेळा की, बघू दे तरी," म्हणत अण्णा पलीकडच्या बाजेवर टेकले. तिथून त्यांना फोनची पाठ दिसत होती. रानपाखराचं खातं कंपनीनं गोठवलं होतं. मालकांनी दुसराच कुणी गडी गाठला.

"गाणं कावून थांबलं बे, त्रिंबक?" मालक म्हणाले. "म्हण. त्याच्याबिगर डोकं हलकं होत न्हाई माझं."

त्रिंबकनं अण्णांकडं चोरून बघितलं. पण हुकूम तो हुकूम. त्यानं आवाज लावला.

ते मापाचं गाणं होतं. तरुणपणी त्रिंबक अंबाजोगाईच्या मोंढ्यात मापाडी होता. ज्वारीची रास मोजताना मापाडी पायलीमागं पायली टाकतो आणि गात मोजतो. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, म्हणजे धन्याला बरकत येते. लाभ, मग दोन, मग तीन. हे गाणं अण्णांनी हजार दुपारी ऐकलं होतं. तेलाचा वास, सुपाची सळसळ, तरंगणारं भुसकट. अण्णांच्या पापण्या जड झाल्या. अर्धवट झोपेत ते जुन्या मोंढ्यात पोचले. पिवळ्या राशी होत्या, पोती होती आणि लांबून आवाज येत होता.

"तेराऽ ज्वारी… सातऽ तूर…"

झोपेतच अण्णांच्या कपाळाला आठी पडली. मोंढ्यातला मापाडी बाप मेला तरी आकडा चुकवत नाही. तेरानंतर सात? आणि ज्वारीच्या राशीत तूर कुठून आली?

सुपाचा आवाज थांबला होता. मग पुन्हा सुरू झाला.

"लाभऽ बाजरी… लाभऽ तूर…"

सूप पुन्हा थांबलं. अण्णांनी डोळे उघडले.

"मालक," ते हळूच म्हणाले, "आता तुमच्याकडं काय पत्ते हायेत?"

"सांगू नये, पण तुमाला काय कळणार," मालक खुशीत म्हणाले. "दोन एक्के! बदामाचा अन् चौकटचा."

"अन् त्याच्या आधीच्या डावात?"

"राजा हुता इस्पिकचा. अन् चौकट सत्ती. कावून?"

अण्णांनी वर बघितलं. मालकांच्या डोक्यावरचे तेलकट हात जागच्या जागी थांबले होते.

५

"इस्पिक ज्वारी, बदाम बाजरी, चौकट तूर. किलवरला बहुतेक हरभरा असंल," दिवस कलताना अण्णा रोहिणीला सांगत होते. "एक्का म्हणजे लाभ. गुलाम अकरा, राणी बारा, राजा तेरा. त्रिंबक मालकाच्या डोक्यामागनं बघतो अन् गातो. झरोक्यापलीकडं कुणीतरी सूप थांबवून ऐकतं. खातं गोठलंय, तरी दोघांची सवय सुटंना. दोन पत्ते गायला आठ-दहा सेकंद लागतात, तेवढंच रानपाखरू थांबतं. बाजाराच्या दिवशी त्रिंबक बाजारात, म्हणून त्या दिवशी हरतं. कंपनीचं कुलूप पक्कं हाय गं. घरमालकच दार उघडं टाकून बसलाय."

रोहिणी ऐकत होती. तिचा चेहरा आधी उजळला, मग कळत गेलं तसा उतरला.

"कोठीत आत्या असती," ती म्हणाली.

"व्हय."

"पण आत्याला वाचता येत न्हाई!"

"मालकाला बी त्रिंबकाबद्दल हेच वाटतं," अण्णा म्हणाले. "बदामाला शाळा लागत न्हाई, पोरी. अन् आकडे नोटांवर असतातच."

मग तिला आठवलं. गेल्या वर्षी मुलाखतीचा सराव करताना ती मोठ्यानं बोलायची. या पत्त्यांवर थांबावं, या पत्त्यांवर पळावं, हा भिववतोय, याच्याकडं काही नाही. आणि शेजारी आत्या तुरीच्या शेंगा सोलत बसलेली असायची. महिनाभर. आत्यानं कधी एक प्रश्न विचारला नाही, आणि रोहिणीला वाटलं होतं, आत्या ऐकत नाहीये.

"उद्या बारा वाजता सांग बाईंना," अण्णा म्हणाले. "सुटशील."

"अन् ही दोघं? मालक यांना ठेवंल? या खोल्या बी त्याच्याच हायेत. पोलिसात दिलं तर?" ती उठली. "न्हाई अण्णा. मी न्हाई नाव घेणार. आई फडावर हाय तवा आत्यानं वाढवलंय मला, एक न्हाई, पंधरा हंगाम."

अण्णांनी पुष्कळ समजावलं. आयुष्यभर त्यांनी खोट्या मापाला दया दाखवली नव्हती, आणि आता या पोरीपुढं त्यांना आपलंच माप कमी पडल्यासारखं वाटलं. त्या दिवशी रात्रभर त्यांना झोप आली नाही. त्यांच्या घराण्यात हे प्रथमच घडत होतं.

६

शनिवारी बाराला पाच मिनिटं असताना लॅपटॉपवर प्रियदर्शनी बाई दिसल्या. अण्णा कोपऱ्यात पोत्यावर बसले होते.

"मला काही सांगायचं न्हाई, मॅडम," रोहिणी म्हणाली. "खातं मी उघडलं, सांगितलं न्हाई. चूक माझी. मी राजीनामा देते."

"रोहिणी, राजीनाम्यानं भागणार नाही. मला पोलिसांना कळवावं लागेल."

चुलीपाशी भांडं वाजलं. सुभद्राबाई लुगड्याला हात पुसत पुढं आली आणि पोरीला कोपरानं बाजूला सारून पडद्यासमोर बसली. ठेंगणी, उन्हानं रापलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"ते पाखरू मी हाय, बाई," ती म्हणाली.

"आत्या!"

"तू गप. पत्राचं मला आजवर सांगितलं न्हाईस, ते मागनं बघते." मग तिनं सगळं सांगितलं. गाणं, झरोका, सुपातल्या हरभऱ्यात लपवलेला फोन. हिरवं दाबलं की लावायचं, लाल दाबलं की सोडायचं. सुरुवात कंपनीनंच फुकट दिलेल्या दोनशे रुपयांपासून झाली होती.

प्रियदर्शनी बाईंनी चष्मा खाली घेतला. चेहऱ्यावर राग नव्हता. कीव होती, आणि ती जास्त लागली.

"मावशी, भाचीला वाचवायला हे बोलताय, कळतंय मला. पण हा खेळ शिकायला लोकांना वर्षं लागतात हो. नुसते पत्ते कळून चालत नाही. तुम्ही शाळेत—"

"न्हाई गेले. तुमी दावा एखादा डाव. माझ्या ओळखीचा नसलेला."

बाईंनी नाइलाजानं एक जुना डाव लावला. खेळणारे परके, पत्ते झाकलेले. सुभद्राबाई पडद्याजवळ वाकून बघत राहिली.

"ह्यो डावीकडला खोटा हाय. पहिल्यांदा इचार करत बसला, अन् मोठी रक्कम मात्र झटक्यात लावली. ज्याच्याकडं असतं तो शेवटी रेंगाळतो, समोरच्याला पळू द्यायचं नसतं त्याला."

बाईंनी पत्ते उघडले. डावीकडच्याकडं काही नव्हतं.

दुसरा डाव लावला, तिसरा लावला. तिसऱ्याला बाई स्वतःच चुकल्या आणि सुभद्राबाई चुकली नाही. रोहिणी आत्याकडं अशी बघत होती, जणू ही बाई आजच घरात आली आहे.

"माप मारलंस, सुभद्रे," अण्णा कोपऱ्यातून म्हणाले. बोलणं त्यांना भाग होतं.

"व्हय, मारलं. झरोक्यातनं ऐकलं, ते पापच," ती म्हणाली. "पैसे त्येंचे त्येंना देऊन टाका, बाई. एक पै नगं मला. पण माझ्या पोरीला चोर म्हणू नका."

प्रियदर्शनी बाईंनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "खातं बंद होईल, रक्कम परत जाईल. रोहिणीला ताकीद मिळेल, नोकरी राहील. तक्रार करायची की नाही हे आता त्या खेळाडूवर आहे. मला त्यांना खरं ते कळवावंच लागेल."

त्रिंबक दारात उभा होता. हे ऐकून तो आत आला आणि भांडी पोत्यात भरायला लागला.

७

मालकांना कंपनीचा फोन रविवारी सकाळी आला. त्रिंबकनं सामान बांधून ठेवलं होतं. पण बोलावणं आलं नाही. आली ती बातमी, हॉटेलातून.

"यंत्राचा दोष निघाला," मालक सगळ्यांना सांगत होते. "कंपनीनं माफी मागितली, पैसे परत दिले. वर मला म्हणती, तुमच्या सालगड्याच्या बायकोनं हरवलं! अरे, आपली चूक झाकायला काय बी सांगतेत. ती अंगठाछाप बाई, तिला मोबाइल कुठून धरायचा ते ठावं न्हाई!" आणि हॉटेल पोट धरधरून हसलं होतं.

त्रिंबकनं देवापुढं नारळ फोडला. "सुटलो," तो म्हणाला. "त्येंचा इस्वासच बसला न्हाई. सुटलो आपण!"

सुभद्राबाईनं नारळाचा तुकडा हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"आत्या, कुठं चाललीस?" रोहिणीनं विचारलं.

"मालकाकडं."

तिला अडवायची ताकद त्या घरात कुणाच्यात नव्हती. ती पुढं, मागं रोहिणी आणि त्रिंबक, आणि सगळ्यांत मागं अण्णा, दुपारची झोप टाकून. ऊन असं स्वच्छ पडलं होतं की भुसकटाचा कणन् कण दिसत होता. अण्णांना वाटलं, हे आपण बाजेवरच बघतोय आणि कुणीतरी आता उठवेल. पण पायाला खडे टोचत होते.

पडवीत आठ-दहा माणसं बसली होती. हसणं अजून चालू होतं.

"मालक," सुभद्राबाई अंगणातूनच म्हणाली, "यंत्र न्हवतं. मी हुते."

एकच हशा उसळला. मालकांनीही हसत हात हलवला. "जा गं बाई. जा, काम बघ."

"मागल्या सोमवारी तुमच्या हातात दोन राण्या हुत्या. इस्पिकची अन् बदामाची. मधी एक्का पडला. मी हुतं न्हवतं तेवढं समदं लावलं. तुमी लई येळ बघत बसला. मंग राण्या टाकून दिल्या."

मालकांचं हसू कमी झालं. टाकून दिलेले पत्ते समोरच्याला कधीच दिसत नाहीत. त्या राण्यांचं ते कुणाशी बोलले नव्हते. दोन राण्या टाकल्या असं कोण सांगत फिरेल? त्यांचा हात नकळत आपल्याच डोक्याकडं गेला आणि नजर त्रिंबककडं.

"एक्का हुता ना तुझ्याकडं?" त्यांनी विचारलं. आवाज बारीक आला होता.

"न्हाई. दुर्री अन् सत्ती. काय बी न्हवतं," सुभद्राबाई म्हणाली. "तुमच्या राण्याच भारी हुत्या, मालक. तुमाला धीर झाला न्हाई."

आता पडवीत कुणी हसत नव्हतं. पत्ते ऐकले ही लबाडी होती, हे अण्णा शपथेवर सांगायला तयार होते. पण मोकळ्या हातानं साठ एकरांच्या धन्याला पळवून लावणं, ते तिला कुणी भिंतीतून गाऊन सांगितलं नव्हतं. अण्णांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

"पैसे तर तू काढलेच न्हाईस," मालक शेवटी म्हणाले. "मग कावून खेळलीस?"

"तुमी हरताना कसे दिसता ते बघायचं हुतं," सुभद्राबाई म्हणाली. "पण मधी भिंत हुती."

ती त्यांच्या चेहऱ्याकडं बघत थोडा वेळ तशीच उभी राहिली. काम गेलं, खोल्या गेल्या, हे तिला तिथंच कळत होतं, आणि तरी ती घाई करत नव्हती. मग तिनं पदर सारखा केला.

"आज दिसलं," ती म्हणाली, आणि सामान बांधलेलंच होतं म्हणून घराकडं निघाली.